संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी : डॉक्टरांनी संशोधन का शिकावे?

आपल्यापैकी अनेकांच्या हाती कधी ना कधी एखादे संमतिपत्र पडले असेल. शस्त्रक्रियेपूर्वीचे असेल किंवा एखाद्या नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याचे असेल. अशा वेळी आपण बहुधा एकच करतो. कागद घेऊन ओळखीच्या डॉक्टरांकडे जातो आणि विचारतो, ‘‘डॉक्टर, सही करू ना?’’ त्या प्रश्नाला मी एकदा जे उत्तर दिले, त्याची रुखरुख मला अजून आहे. आजचा लेख त्या उत्तरापासूनच सुरू करतो.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली अठ्ठावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक बाई त्यांच्या मुलासह आल्या. वय बहात्तर. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या. सारे गाव त्यांना ‘बाई’ म्हणूनच ओळखते. मधुमेह जुना. शहरातील एका मोठ्या रुग्णालयात मधुमेहाच्या नव्या गोळीची चाचणी सुरू होती आणि तीत त्यांनी सहभागी व्हावे, असे तेथे सुचवण्यात आले होते. संमतिपत्र चौदा पानांचे होते. बाईंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले होते आणि तीन ठिकाणी समासात पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या.

पहिली खूण ‘यादृच्छिक पद्धतीने गटनिवड’ या शब्दांपाशी होती. ‘‘म्हणजे काय हो, डॉक्टर?’’ दुसरी खूण ‘प्लासिबो’ या शब्दापाशी. ‘‘यात औषध नसलेली गोळीही असते म्हणतात. मग माझ्या साखरेचे काय?’’ तिसरी खूण शेवटच्या पानावर होती. ‘‘मध्येच सोडावेसे वाटले, तर पुढे तिथे माझे उपचार करतील ना?’’

तिन्ही प्रश्न नेमके होते. बाहेर बाकांवर रुग्ण ताटकळत होते, ही सबब खरी असली तरी अपुरी आहे. खरे कारण असे, की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला धड येत नव्हती. मी म्हणालो, ‘‘बाई, मोठे रुग्णालय आहे, मोठी माणसे आहेत. तुमच्यासाठी चांगले औषध निवडले असणार. करा सही.’’ बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि सही केली.

वर्षभराने चाचणी संपली. त्यांना त्रास काही झाला नाही. नेहमीची औषधे चालूच होती, साखरही आटोक्यात राहिली. पुढे रुग्णालयातून कळले, की बाई औषध नसलेल्या गोळीच्या गटात होत्या. त्या माझ्याकडे आल्या त्या रागावून नव्हे. एवढेच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मला वर्षभर वाटत होते की ही गोळी माझ्यासाठी निवडली आहे. खरे काय ते आधी कळले असते, तरी मी गेले असते. पण मग ते माझे जाणे झाले असते.’’

रुग्णालयाने त्यांना फसवले नव्हते. कागदावर सारे लिहिलेले होते. फसगत केली ती मी, न जाणता. उपचार आणि संशोधन यांतला फरक मलाच स्वच्छ ठाऊक नव्हता. उपचारात डॉक्टर आपल्यासाठी जे योग्य वाटते ते निवडतो. संशोधनात ‘कोणते योग्य’ हेच अजून ठरायचे असते आणि ते ठरवण्यासाठी आपण मदत करत असतो. हा फरक सहभागी माणसाला समजला नाही, तर त्याची सही कागदावर उमटते, पण तिला संमती म्हणता येत नाही.

त्यानंतर वयाच्या पन्नाशीत मी क्लिनिकल रिसर्चच्या, म्हणजे रुग्णांच्या सहभागाने होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाच्या, पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमास नाव घातले. दोन वर्षे शनिवार-रविवार पुण्याला जाऊन शिकलो. तेथे काय शिकलो, आणि त्याचा आपल्यासारख्या ज्येष्ठांशी व त्यांची काळजी वाहणाऱ्यांशी काय संबंध, हे आज सांगायचे आहे.

अनुभव शिकवतो, तसा फसवतोही

आमच्या वर्गात माझ्यासारखे दोन-तीन प्रौढ डॉक्टर होते. बाकी परिचारिका, औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट आणि एक आयुर्वेदाचे वैद्य. पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी विचारले, ‘‘तुमचे औषध लागू पडते, हे तुम्हाला कसे कळते?’’ मी अभिमानाने उत्तर दिले, ‘‘अनुभवाने.’’ पुढचे दोन तास त्या एका शब्दाची चिकित्सा झाली.

गुडघेदुखीचे उदाहरण घ्या. ज्येष्ठांचे गुडघे रोज सारखे दुखत नाहीत. कधी कमी, कधी जास्त. आपण डॉक्टरकडे केव्हा जातो? दुखणे असह्य झाले की. म्हणजे चढ शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही केले नाही, तरी बऱ्याच वेळा उतार येणारच असतो. त्याच आठवड्यात एखादे तेल चोळले किंवा माझी गोळी घेतली, तर उताराचे श्रेय तेलाला किंवा गोळीला मिळते. शिवाय ज्यांना बरे वाटते ते माझ्याकडे परत येतात आणि तसे सांगतात; ज्यांना वाटत नाही ते मुकाट्याने दुसरा डॉक्टर गाठतात. वर्षानुवर्षे माझ्या कानावर यशाच्याच कथा पडत राहतात. यालाच मी ‘अनुभव’ म्हणत आलो होतो.

याचा अर्थ अनुभव टाकाऊ, असा मुळीच नाही. रुग्णाच्या चेहऱ्यावरून आजाराचे गांभीर्य ओळखणे अनुभवानेच येते. परंतु दोन औषधांपैकी कोणते सरस, हे एकट्या डॉक्टरच्या आठवणीवरून ठरवता येत नाही. आमच्या काळी एमबीबीएसला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात संख्याशास्त्राची थोडी पाने असत. ती परीक्षेपुरती पाठ करायची आणि विसरून जायची, हीच रीत होती.

अनुभवी आणि सद्हेतूने काम करणारे डॉक्टरही किती चुकू शकतात, याचा एक धडा आम्हाला अभ्यासाला होता. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतात आणि अशा रुग्णांना मृत्यूचा धोका अधिक असतो. तेव्हा ठोके सुधारणारे औषध दिले तर जीव वाचतील, हा तर्क सरळ होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके सुधारतही असत. मग अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस रीतसर चाचणी झाली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले होते, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ रुग्णांपैकी २६. ठोके सुधारत होते आणि माणसे अधिक संख्येने मरत होती. फ्लेकेनाइड आजही काही निवडक रुग्णांना उपयोगी पडते. पण झटक्यानंतर सरसकट ते देणे घातक, हे त्या चाचणीविना कोणत्याही डॉक्टरच्या ध्यानात आले नसते.

चिठ्ठी टाकण्यामागचे शास्त्र

आता बाईंच्या पहिल्या खुणेकडे वळू. ‘यादृच्छिक गटनिवड’ म्हणजे साध्या शब्दांत चिठ्ठी टाकून गट ठरवणे. कोणाला नवे औषध मिळेल आणि कोणाला नाही, हे डॉक्टरने ठरवायचे नाही, रुग्णानेही नाही. आज हे काम संगणक करतो.

ऐकताना हे निष्ठुर वाटते. पण डॉक्टरच्या मर्जीवर सोडले तर काय होईल? मी नकळत नवे औषध धट्ट्याकट्ट्या रुग्णांना देईन आणि अशक्तांना जुनेच चालू ठेवीन. मग नव्या गटाचे निकाल चांगले आले, तर ते औषधामुळे की मुळातल्या प्रकृतीमुळे, हे कसे कळणार? चिठ्ठीमुळे तरुण-वृद्ध, सशक्त-अशक्त असे सारे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. फरक उरतो तो औषधाचा.

ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी या पद्धतीने झाली आणि तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. आधुनिक चाचण्यांचा तो पाया मानला जातो. औषध तेव्हा इतके तुटपुंजे होते, की सर्वांना पुरणारच नव्हते. विश्रांतीसोबत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. या चाचणीची आखणी करणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते. तरुणपणी त्यांना स्वतःलाच क्षय झाल्यामुळे वैद्यकीय शिक्षण घेता आले नव्हते.

बाईंची दुसरी खूण होती औषध नसलेल्या गोळीची. ती देण्याचा हेतू एवढाच, की ‘औषध घेतले’ या भावनेने वाटणारा आराम दोन्ही गटांना सारखाच मिळावा. मात्र येथे एक मर्यादा आहे. ज्या आजारावर प्रभावी उपचार उपलब्ध आहे, तो उपचार काढून घेऊन रुग्णाला नुसत्या गोळीवर ठेवणे नीतीला धरून नाही. म्हणूनच बाईंची नेहमीची औषधे चालू ठेवली होती आणि नवी गोळी, खरी किंवा खोटी, त्यांवर भर म्हणून दिली होती. ‘‘माझ्या साखरेचे काय?’’ या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे होते. मला ते तेव्हा दोन वाक्यांत देता यायला हवे होते.

मद्रासच्या गरीब वस्त्यांतील एक धडा

हे सारे परदेशातलेच, असे समजू नका. जगाची उपचारपद्धती बदलणारी एक चाचणी आपल्याच देशात, त्या वेळच्या मद्रास शहरात झाली. १९५६ साली तेथे क्षयाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. आजची चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवावे, मोकळी हवा, सकस आहार आणि पूर्ण विश्रांती द्यावी, ही तेव्हाची जगभरची समजूत होती. मिरजेजवळची किंवा पाचगणीची आरोग्यधामे आपल्यापैकी काहींना आठवत असतील. परंतु देशात रुग्ण लाखोंनी आणि खाटा मोजक्या.

मद्रासच्या संशोधकांनी १९३ रुग्ण घेतले. काहींना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच उपचार दिले. कोण कोठे, हे चिठ्ठीने ठरले. दोन्ही गटांना वर्षभर एकच औषधे. आरोग्यसेविका अचानक घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध घेतले जाते की नाही हे पाहत. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : घरी राहून औषध घेणाऱ्यांचे परिणाम आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीचे होते. आहार निकृष्ट, जागा अपुरी, तरीही. घरातील इतरांना लागण होण्याचे प्रमाणही घरच्या उपचारांमुळे वाढलेले दिसले नाही. कुटुंबापासून ताटातूट न होता क्षय बरा होऊ शकतो, हे त्या रुग्णांमुळे जगाला कळले.

मला या कथेत विशेष वाटते ते गोळ्या मोजणाऱ्या त्या सेविकांचे. संशोधन म्हणजे केवळ मोठ्या प्राध्यापकांचे काम नव्हे. नोंदी अचूक ठेवणारी परिचारिका आणि औषधांचा हिशेब ठेवणारा औषधनिर्माता यांच्यावाचून चाचणीला अर्थ नाही. म्हणूनच आमच्या वर्गात त्यांचा भरणा होता, आणि खरे सांगायचे तर नोंदींच्या पेपरात ते आम्हा डॉक्टरांच्या पुढे असत.

ज्येष्ठांविषयी कोण विचारणार?

आता आपल्या वयाकडे येऊ. बऱ्याच चाचण्यांत वयाची वरची मर्यादा घातलेली असे, आजही कित्येकदा असते. ज्येष्ठांना एकाच वेळी अनेक आजार असतात, औषधे पुष्कळ असतात, ये-जा अवघड असते. त्यामुळे संशोधकांना तरुण रुग्ण सोयीचे. परिणाम असा, की जी औषधे मुख्यतः ज्येष्ठांनी घ्यायची, त्यांची परीक्षा पन्नाशी-साठीच्या लोकांवर होते आणि निष्कर्ष ऐंशीच्या आजोबांना लावला जातो.

ज्येष्ठांनाच घेऊन चाचण्या झाल्या, तेव्हा काय दिसले, याची दोन उदाहरणे देतो.

पहिले रक्तदाबाचे. ऐंशी ओलांडलेल्यांचा वाढलेला रक्तदाब औषधाने कमी करावा की नाही, याविषयी डॉक्टरांत मतभेद होते. कमी केल्याने अपायच होईल, अशी शंका होती. ३,८४५ रुग्णांच्या सहभागाने झालेल्या ‘हायव्हेट’ या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सारे ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाचे. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले, हृदय निकामी होण्याचे प्रमाणही बरेच घटले आणि चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. मात्र हे रुग्ण त्या वयाच्या मानाने बरेच सुदृढ होते आणि त्यांचा रक्तदाब फार खाली नेण्याचा प्रयत्न नव्हता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे उदाहरण माझी स्वतःची सवय मोडणारे ठरले. साठी-सत्तरी गाठलेल्या आणि हृदयविकार नसलेल्या माणसांनाही ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून मी वर्षानुवर्षे ॲस्पिरिनची लहान गोळी लिहून देत असे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ निरोगी ज्येष्ठांच्या सहभागाने झालेल्या ‘ॲस्प्री’ या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. बहुतेक सहभागी सत्तरी ओलांडलेले होते. सुमारे पाच वर्षांच्या निरीक्षणात ॲस्पिरिनमुळे त्यांचे परावलंबित्वाविना आयुष्य वाढले नाही. गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण मात्र औषध नसलेल्या गटात २.८ टक्के, तर ॲस्पिरिनच्या गटात ३.८ टक्के होते. मी माझी जुनी कार्डे काढली आणि एकेका आजी-आजोबांना बोलावून ती गोळी थांबवली.

येथे एक गोष्ट ठासून सांगतो. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, ज्यांना स्टेंट बसवला आहे, बायपास झाली आहे, त्यांच्यासाठी ॲस्पिरिनचे गणित अगदी वेगळे आहे. हा लेख वाचून कोणीही आपली गोळी स्वतःहून बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना विचारावे.

टक्क्यांचे मायाजाल

अभ्यासक्रमात मला सर्वाधिक उपयोगी वाटलेला धडा टक्क्यांचा होता, आणि तो आपणही घरबसल्या शिकू शकता. समजा, जाहिरात म्हणते, ‘या औषधाने धोका ५० टक्क्यांनी घटतो.’ लगेच विचारा : कितीवरून किती? शंभरांपैकी चाळीस जणांना होणारा त्रास वीस जणांवर आला, तरी घट ५० टक्के. शंभरांपैकी दोघांना होणारा त्रास एकावर आला, तरीही ५० टक्केच. पहिल्यात शंभर जणांनी औषध घेतल्यावर वीस जणांना लाभ झाला. दुसऱ्यात एकाला, आणि उरलेल्या नव्व्याण्णवांनी खर्च व दुष्परिणाम सोसले. वर हायव्हेटचे २१ टक्के मी सांगितले, तेथेही हाच प्रश्न आपण मला विचारायला हवा. त्याचे उत्तर असे : दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे साठ मृत्यू होत होते, ते सत्तेचाळीसवर आले.

हे शिक्षण मिळते कोठे?

रोग्याच्या खाटेपाशी उठणाऱ्या प्रश्नांना संख्याशास्त्राची जोड देण्याचे पद्धतशीर शिक्षण कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात डेव्हिड सॅकेट यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या विभागापासून आकाराला आले. पुढे १९८० साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने एक आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले आणि भारतासह अनेक देशांतील डॉक्टर हे शिक्षण घेऊन आपापल्या महाविद्यालयांत परतले. आज आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना संशोधन पद्धतीचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो चेन्नईची राष्ट्रीय रोगपरिस्थितिविज्ञान संस्था चालवते. त्यापुढे पदविका आणि पदव्युत्तर पदवीचे अभ्यासक्रमही आहेत.

त्यांत प्रश्न नेमका कसा मांडावा, रुग्ण किती घ्यावे, नोंदी कशा ठेवाव्यात, अपाय झाल्यास काय करावे, हे शिकवतात. पण माझ्या मते सर्वांत अवघड पेपर संमतिपत्राचा होता. एक इंग्रजी संमतिपत्र आपल्या भाषेत, सातवी शिकलेल्या माणसाला समजेल असे लिहून आणा, असा गृहपाठ मिळाला. मी तीन रात्री खपून ते लिहिले. मग मनात आले, हे तपासणार कोण? रविवारी गावी परतल्यावर मी ते बाईंच्या घरी घेऊन गेलो.

त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. अर्ध्या तासाने कागद परत आला, तेव्हा समासात अकरा खुणा होत्या.

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो

भारतात औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे ‘नवी औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम’ लागू आहेत. त्यांतील काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री सदस्य आणि आपल्यासारखी एक सामान्य व्यक्ती असावी लागते, आणि निम्मे तरी सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. माहितीपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या संमतीच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार लागतो. सहभागी व्यक्ती केव्हाही, कारण न देता, बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. बाईंच्या तिसऱ्या खुणेचे उत्तर हे होते. चाचणीदरम्यान इजा झाल्यास मोफत उपचारांची तरतूद आहे आणि इजा चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास भरपाईची.

याशिवाय प्रत्येक औषध-चाचणी सुरू होण्यापूर्वी ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावी लागते. २००९ पासून हे बंधनकारक आहे. ही नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. घरातील नातवंड पाच मिनिटांत नोंद शोधून देईल.

सही करण्यापूर्वी

आपल्याला किंवा आपल्या घरातील ज्येष्ठांना चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. कागद घरी न्या. किमान एक रात्र जाऊ द्या. मग पुढील प्रश्न विचारा :

हे उपचार आहेत की संशोधन? कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधले जात आहे?

माझा गट कोण ठरवणार? औषध नसलेली गोळी मिळण्याची शक्यता किती?

माझी सध्याची औषधे चालू राहतील ना? त्यांची यादी तुम्ही पाहिली आहे का?

माझ्या वयाचे लोक या चाचणीत आहेत का?

किती खेपा माराव्या लागतील? प्रवासखर्च कोण देणार? रक्त किती वेळा काढणार?

रात्री-अपरात्री त्रास झाला, तर कोणाला फोन करायचा? नैतिकता समितीचा क्रमांक कोणता?

मुख्य संशोधकाने आणि त्यांच्या परिचारिकेने अशा कामाचे प्रशिक्षण घेतले आहे का?

चाचणी संपल्यावर निष्कर्ष मला कळवाल का?

शेवटचे दोन प्रश्न विचारताना संकोच वाटेल. वाटू देऊ नका. रीतसर शिकलेला संशोधक या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, जो ‘मोठे रुग्णालय आहे, करा सही’ असे म्हणतो, त्याच्यापाशी थांबून पुन्हा विचारा; मग तो आपला वर्षानुवर्षांचा डॉक्टर का असेना.

काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना आणखी एक विनंती. आई-वडिलांचे ऐकणे, वाचणे मंदावले असले, तरी त्यांच्या वतीने परस्पर सही करू नका. मोठ्या अक्षरांत कागद छापून घ्या, शांतपणे वाचून दाखवा, आणि मग त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा : ‘‘तुम्हाला काय समजले?’’ त्यांनी सांगितलेले आणि कागदावरचे जुळले, तरच पुढे जा. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना निर्णय घेणे शक्यच नाही, त्यांच्याकरिता कायदेशीर प्रतिनिधीची तरतूद आहे. पण तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी हा नकार समजावा.

बाई आता ऐंशीकडे झुकल्या आहेत. गेल्या वर्षी त्यांना गुडघ्यांच्या व्यायामाविषयीच्या एका अभ्यासासाठी विचारण्यात आले. कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा समासात दोनच खुणा होत्या. दोन्हींची उत्तरे मी दिली. एक मला येत होते. दुसऱ्यासाठी मी तेथील संशोधकांना त्यांच्यासमोरच फोन लावला. बाईंनी सारे ऐकून घेतले, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, ‘‘विचार करून सांगते.’’

चार दिवसांनी त्यांनी नकार कळवला. आठवड्यातून दोन खेपा त्यांना झेपणार नव्हत्या. मला त्या नकाराचे फार समाधान वाटले.